माफीची घाई

वडिलांना अर्धांगवायूचा झटका येतो, आईचं ऑपरेशन ठरतं किंवा गावाकडचं घर विकायला निघतं, आणि पंचवीस-तीस वर्षं कुणी न काढलेला विषय एकदम समोर येऊन ठाकतो. पुण्यात किंवा परदेशात स्थिरावलेला मुलगा घरी यायला तयार नसतो. मुलगी येते, पण वडिलांच्या खोलीत एकटी थांबत नाही. नातेवाइकांना कारण ठाऊक असतं, निदान अर्धंमुर्धं तरी. तरीही बहुतेकांच्या तोंडी एकच सल्ला असतो: झालं गेलं गंगेला मिळालं, आता माफ करून टाक. अलीकडे याच्या अगदी उलट सल्लाही तितक्याच ठामपणे दिला जातो: असल्या घराशी संबंध तोड, मागे वळून बघू नकोस. दोन्ही सल्ल्यांमागे बहुतेकदा आपुलकीच असते. पण लहानपणी वर्षानुवर्षं आपल्याच घरात दुखावल्या गेलेल्या माणसाने बरं होताना त्या घराचं काय करायचं, हा प्रश्न दोन्ही सल्ल्यांपेक्षा अवघड आहे. त्यावर विचारी माणसांची मतंही वेगवेगळी आहेत.

आधी कोणत्या दुखण्याबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट हवं. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ‘पीटीएसडी’ या आजाराचा समावेश झाला, तेव्हा तज्ज्ञांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक होते. एखादी भयंकर घटना आणि तिचा मागे राहिलेला धसका, असं त्या आजाराचं चित्र होतं. १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञांनी हे चित्र अपुरं असल्याचं दाखवलं. जिथून सुटका नाही अशा जागी, ज्याच्या हाती सगळी सत्ता आहे अशा माणसाकडून, दीर्घकाळ पुन्हा पुन्हा होणारा छळ माणसाला निराळ्याच तऱ्हेने मोडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने ते मान्य करायला बराच काळ गेला. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ या आजारांच्या वर्गीकरणात ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ हे स्वतंत्र निदान आहे. त्यात धसक्याच्या नेहमीच्या लक्षणांना आणखी तीन गोष्टी जोडलेल्या आहेत: भावनांवर ताबा न राहणं, आपण कवडीमोलाचे आहोत अशी खोल रुतलेली समजूत, आणि माणसांशी जवळीक न साधता येणं. अमेरिकन पुस्तिकेत मात्र आजही हे वेगळं निदान नाही. म्हणजे नाव काय द्यायचं इथपासूनच मतभेद आहेत.

नाव काहीही असो, लहान मुलाच्या बाबतीतला मूळ पेच एकच. ज्याच्यापासून पळायचं त्याच्याकडेच जेवायला, झोपायला आणि आजारी पडलं की कुशीत शिरायला जावं लागतं. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी नव्वदच्या दशकात मांडलेल्या सिद्धान्तानुसार, अशा वेळी न कळणं आणि विसरणं हीच मुलाची जगण्याची रीत बनते; कारण समोरचा माणूस आपला घात करतो आहे हे पुरतं कळलं तर त्याच्यावर अवलंबून राहता येणार नाही. ‘बाबा वाईट आहेत’ यापेक्षा ‘मी वाईट आहे’ हे मानणं मुलाला सोपं जातं. स्वतः सुधारलो तर मार थांबेल, एवढी आशा तरी त्यातून उरते.

धाकात वाढलेल्या प्रत्येकाला हे दुखणं असतं असं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटलं पाहिजे. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झालं. त्यातली आई पोहायला घाबरणाऱ्या श्यामला मारून विहिरीवर पाठवते, आणि मागाहून त्या माराचं दुःख तिलाच होतं. मराठी घरांच्या कितीतरी पिढ्यांना आपलं बालपण त्या प्रसंगात दिसलं. मुलांना मारू नये असंच माझं मत आहे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत तरी ते निर्विवाद ठरवलं आहे. तरीही मारल्यावर जवळ घेणारं घर आणि जिथे जवळ येणाऱ्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार याचा अंदाज घ्यावा लागतो ते घर, यांत फरक आहे. तो पुसला तर खरोखर होरपळलेल्यांवरच अन्याय होतो.

दुसऱ्या बाजूला, ‘आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?’ म्हणून विषय मिटवण्याइतकी ही गोष्ट विरळाही नाही. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि अर्ध्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या रूपातला लैंगिक अत्याचार. घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्क्यांना आईने किंवा वडिलांनीच मारलं होतं. यांतली सगळी मुलं आयुष्यभराची जखम घेऊन मोठी होत नाहीत. पण जी होतात, त्यांना ‘माफ कर’ असं सांगताना आपण नेमकं काय मागतो आहोत, हे तपासून पाहायला हवं.

माफीच्या बाजूचं म्हणणं मनापासून ऐकण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, राग धरून ठेवण्याची किंमत राग धरणाराच मोजतो. यामागे थोडं संशोधनही आहे. १९९६ साली सुझॅन फ्रीडमन आणि रॉबर्ट एनराइट यांनी बालपणी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार झालेल्या बारा स्त्रियांबरोबर क्षमेवर आधारलेले उपचार करून पाहिले. एकेकीबरोबर स्वतंत्रपणे, सरासरी वर्षाहून अधिक काळ काम चाललं. त्या स्त्रियांची चिंता आणि नैराश्य कमी झालं, आशा वाढली. संख्या लहान आहे, तरी निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही.

दुसरी गोष्ट आई-वडिलांच्या काळाची. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांतली चूल अडचणीत आली. बहुतेकांची नोकरी परत आलीच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत काम गेलेला बाप, मिळेल ते काम करणारी आई आणि दारूचा आसरा, हे गिरणगावातल्या कितीतरी घरांचं वास्तव होतं. तेव्हाची शाळकरी मुलं आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि बाप हयात असतील तर ऐंशीच्या घरात. त्या बापाच्या हातून जे घडलं त्यामागे एक अख्खं उद्ध्वस्त झालेलं जग होतं, हे कळणं मुलासाठीही मोलाचं असतं. ‘मी वाईट होतो म्हणून मार बसला’ ही समजूत त्यातून सैल होऊ शकते.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता येत नाही. दर आठवड्याला पैसे मोजून वर्षानुवर्षं थेरपी घेणं मोठ्या शहरातल्या कमावत्या माणसालाही जड जातं. जत किंवा किनवटमध्ये तर हा पर्याय जवळपास नाहीच. अशा देशात बाळंतपण, आजारपण, नोकरी जाणं, घटस्फोट या सगळ्यांत उभी राहणारी संस्था कुटुंब हीच आहे. तेच तोडायला सांगणाऱ्याने त्याच्या जागी काय उभं करायचं तेही सांगायला हवं.

हे सगळं मान्य केल्यावरही माफीच्या सल्ल्यात एक गंभीर अडचण उरते. तो सल्ला कधी दिला जातो आणि कुणाच्या सोयीसाठी? बहुतेकदा वडील आजारी पडल्यावर, लग्न ठरल्यावर, वाटणीच्या कागदावर सह्या हव्या असतात तेव्हा. दुखावलेल्या माणसाने काय भोगलं हे कुणी अजून नीट ऐकलेलंही नसतं. बालपणी त्याच्याकडून जी अपेक्षा होती तीच पुन्हा केली जाते: मोठ्यांना त्रास होईल असं बोलू नकोस, स्वतःचं दुखणं गिळ, घर शांत ठेव. असा माणूस पटकन ‘केलं माफ’ म्हणतोही, कारण समोरच्याला हवं ते म्हणणं हे तो सर्वांत आधी शिकलेला असतो. या माफीने त्याचं काहीही बरं होत नाही. आणि एनराइट यांच्या पद्धतीकडे पाहिलं तरी नातेवाइकांच्या सल्ल्याला तिथे आधार मिळत नाही. त्यांच्या उपचारांत सुरुवातच आपल्या रागाकडे आणि झालेल्या इजेकडे सरळ पाहण्यापासून होते. क्षमा आणि पुन्हा संबंध जोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं ते बजावून सांगतात. मनातला राग सोडूनही त्या माणसाच्या घरी कधीच न जाणं शक्य आहे, आणि कधी कधी तेच शहाणपणाचंही.

मात्र दुसऱ्या टोकाच्या सल्ल्यातही धोके आहेत, आणि ते सांगणाऱ्याला लगेच ‘आई-बापांचा वकील’ ठरवणं योग्य नाही. स्मृती ही जपून ठेवलेली चित्रफीत नसते. नव्वदच्या दशकात अमेरिकेत काही थेरपिस्ट रुग्णांकडून ‘दडपलेल्या आठवणी’ बाहेर काढू लागले, तेव्हा एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवलं की लहानपणी दुकानात हरवल्याची कधीच न घडलेली आठवणही काही प्रौढांच्या मनात रुजवता येते. त्या वादात निरपराध कुटुंबं भरडली गेली. खरोखर अत्याचार सोसलेल्यांकडेही संशयाने पाहिलं गेलं. २०१९ साली आंद्रेया दानेसे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यांत असं दिसलं की लहानपणीच नोंदवला गेलेला छळ आणि मोठेपणी आठवून सांगितलेला छळ यांचा मेळ फारच कमी बसतो. नोंद असलेले अनेकजण मोठेपणी तसं सांगत नाहीत, आणि सांगणाऱ्या अनेकांची नोंद नसते. यावरून लोक खोटं बोलतात असं ठरत नाही. घरातल्या बहुतेक गोष्टींची नोंद होतच नसते. पण तीव्र भावना हा घटनेचा पुरावा नव्हे, एवढं मात्र ठरतं. चांगला समुपदेशक आठवणी खणून काढत नाही. आलेली आठवण तो ऐकतो, आणि तिच्यात आपल्या पदरचं काही घालत नाही.

दुसरा धोका शिक्क्याचा. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांचा १९९८ चा अभ्यास या क्षेत्रातला मैलाचा दगड मानला जातो. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे वाईट अनुभव आलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न कैक पटींनी जास्त आढळले. त्यातून निघालेली दहा प्रश्नांची यादी आता मोबाइलवर कुणीही सोडवतं आणि आपला ‘स्कोअर’ किती, ते सांगतं. २०२० साली खुद्द अँडा यांनीच सावध केलं की हा आकडा लोकसंख्येचं चित्र दाखवण्यासाठी आहे. एका माणसाचं भविष्य त्यावरून वाचता येत नाही. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, व्यसनी किंवा आजारी आई-बाप अशा अनेक धोक्यांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, प्रेमळ प्रौढ झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे जीव लावणारं निदान एक मोठं माणूस: आजी, शिक्षिका, शेजारीण. घर तोडताना ती आजी किंवा मावशीही तुटणार असेल, तर तोडण्याआधी थांबून विचार व्हायला हवा.

उपचार कसे व्हावेत यावरही तज्ज्ञांत खरा वाद आहे. हर्मन यांनी तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा जगण्याशी जोडून घेणं. २०१२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही आधी माणसाला स्थिर करा, मग भूतकाळाला हात घाला, अशीच शिफारस केली. २०१६ मध्ये आद द योंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. स्थिरतेची वाट पाहणं गरजेचं आहे याला पुरेसा पुरावा नाही, आणि तुम्ही अजून तयार नाही असं सांगत राहिल्याने माणसाचे परिणामकारक उपचार लांबतात, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंना वजन आहे. मात्र यांतल्या कुणीही आई-बापांना माफ करणं ही उपचाराची आवश्यक पायरी मानलेली नाही. हर्मन यांच्या तिसऱ्या टप्प्यातलं जोडून घेणंही माणसांशी आणि रोजच्या आयुष्याशी आहे. ज्या घरात इजा झाली त्याच घराशी पुन्हा जोडून घेतलं पाहिजे, असं त्यात नाही.

आपल्याकडे हा प्रश्न दवाखान्यात कमी आणि सणावारी जास्त उभा राहतो. भाऊबीजेला चुलतभावाला ओवाळायचं आहे, आणि नऊ वर्षांची असताना त्यानेच काय केलं होतं हे फक्त तिला माहीत आहे. आत्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत सगळ्यांची नावं आहेत. न गेल्यास ‘ही कायमचीच अशी’ असा शेरा ठरलेला. गणपतीत दीड दिवसासाठी का होईना, सगळे त्याच छपराखाली झोपणार. लग्न झालेल्या बाईची अडचण याहून मोठी. सासरी काही बिनसलं तर जायचं कुठे, तर माहेरी. आणि जे घडलं ते माहेरीच घडलेलं असेल तर तिला परतायची जागाच उरत नाही. ‘तोडून टाक’ हे सांगणाऱ्याला या बाईचा हिशेब कळलेला नसतो. ‘माफ कर’ म्हणणाऱ्याला तरी कुठे कळलेला असतो? त्याच्या सल्ल्याने ती भाऊबीजेला पाट मांडते, ओवाळते, आणि त्या रात्री तिला झोप लागत नाही.

या दोन टोकांमध्ये बरीच जागा आहे, आणि बहुतेक माणसं तिथेच धडपडत वाट काढतात. कुणी सणाला येतो पण मुक्काम करत नाही. कुणी आईशी फोनवर बोलते; वडिलांनी फोन घेतला की ठेवून देते. कुणी दवाखान्याचं बिल भरतो, पण उशाशी बसत नाही. कुणी आपल्या मुलांना आजोबांकडे एकटं सोडत नाही, आणि कारण सांगत नाही. बाहेरून हे तुसडेपणाचं वाटतं. माझ्या मते हा दुखावलेल्या माणसाने फार कष्टाने शोधलेला तोल असतो, आणि घरातल्यांनी त्यावर टोमणे मारणं बंद केलं तरी अर्धा उपचार होईल. हे अंतर किती ठेवायचं हे त्याचं त्यानेच ठरवावं. ते दरवर्षी बदलण्याची मुभाही त्याला असावी. आज गेलास म्हणून पुढच्या वर्षीही यायलाच हवं, असा हक्क कुणी सांगू नये. अग्नी द्यायला न येणाऱ्या मुलाबद्दलही मी हेच म्हणेन, जरी हे अनेकांना टोचेल याची मला कल्पना आहे. अंत्यविधी पुतण्याच्या किंवा मुलीच्या हातूनही होतो. जिवंतपणी न मिळालेली मोकळीक त्या दिवशी तरी मिळावी, अशी इच्छा असलेल्या माणसाला त्या दिवशी ओढून आणण्यात कुणाचं भलं होत नाही.

यात एकच मर्यादा मी ठाम मानतो. इजा करणाऱ्या माणसाच्या सहवासात आजही एखादं लहान मूल असेल, तर तिथे अंतराचा आणि शांततेचा हिशेब संपतो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने मुलावरच्या लैंगिक अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. या सक्तीवरही आक्षेप आहेत. पोलिसांकडे जावं लागेल या भीतीने मुलं आणि आया समुपदेशकाशीही बोलत नाहीत, असं या क्षेत्रात काम करणारे सांगतात, आणि ते गांभीर्याने घ्यायला हवं. पण स्वतःच्या वाट्याला आलेलं कुणाला कधी सांगायचं हे ठरवण्याचा हक्क एक आहे, आणि समोरच्या आजच्या मुलाची सुरक्षितता दुसरी. दोन्हींत मुलाचं पारडं जड. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन याच कामासाठी आहे.

आता आई-वडिलांकडे वळतो, कारण त्यांच्यातल्या अनेकांना खरोखर पश्चात्ताप झालेला असतो आणि काय करावं हे कळत नसतं. व्यसनमुक्तीच्या चळवळींना या बाबतीत मोठा अनुभव आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत, आपण कुणाकुणाला दुखावलं त्याची यादी करणं आणि शक्य असेल तिथे प्रत्यक्ष भरपाई करणं हे व्यसनी माणसाचं काम मानलं आहे. त्यालाही एक अट आहे: त्या भेटीने समोरच्याला आणखी इजा होणार असेल तर ती टाळायची. बदल्यात समोरच्याने माफ करावं अशी अपेक्षा त्या पायरीत नाही. ही रचना मला फार न्याय्य वाटते. आपल्याकडे काम उलट वाटलं जातं. इजा करणारा म्हातारा आणि दयनीय झालेला असतो म्हणून गप्प बसतो, आणि पुढाकार दुखावलेल्याने घ्यायचा असतो.

हर्मन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, अत्याचार सोसलेल्यांना न्याय म्हणजे काय वाटतो हे त्यांनाच विचारलं. अनेकांना शिक्षा किंवा समेट यापेक्षाही हवी होती ती कबुली. आणि ती नुसती गुन्हेगाराकडून नव्हे, तर ज्यांना माहीत होतं आणि जे गप्प राहिले त्या भोवतालच्या माणसांकडून. आयर्लंडमध्ये मुलांच्या निवासी संस्थांतल्या छळाबद्दल पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी ११ मे १९९९ ला राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. चौकशीचा अहवाल पूर्ण व्हायला आणखी दहा वर्षं लागली, तरी ‘हे घडलं आणि आम्ही थांबवलं नाही’ हे आधी उच्चारलं गेलं. घरातही याचीच गरज असते. ‘आमच्याकडून काही चुकलं असेल तर’ ही कबुली नव्हे. ‘तू सहावीत होतास तेव्हा मी तुला पट्ट्याने मारायचो, तुझी काही चूक नव्हती, आणि तुझी आई आडवी आली नाही’ हे बोलणं कबुली आहे. आईनेही तिचं वाक्य तिच्या तोंडाने बोलायला हवं. ते ऐकून मुलगा उठून गेला, तर त्याला जाऊ द्यावं.

आपल्या कायद्यानेही यात थोडी भूमिका घ्यावी असं मला वाटतं, जरी इथे माझा कौल कमी ठाम आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठीचा २००७ चा कायदा मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकतो, आणि वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्याचा खरा आधार मिळतो. पण ज्या मुलाचा बालपणी छळ झाला किंवा ज्याला टाकून दिलं होतं, त्याच्यासाठी त्यात स्पष्ट अपवाद नाही. सिंगापूरच्या अशाच कायद्यात तो आहे: पालकाने मुलाला टाकलं, छळलं किंवा दुर्लक्षिलं असेल तर न्यायाधिकरण रक्कम कमी करू शकतं किंवा मागणी फेटाळू शकतं. असा अपवाद इथे आणला तर जबाबदारी झटकू पाहणारी मुलंही खोटे आरोप करतील, ही भीती अवाजवी नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या मारहाणीचा पुरावा कोण आणणार? तरीही तीच भीती पुढे करून खरा छळ सोसलेल्याला, न्यायाधिकरणासमोर तो सांगण्याची संधीसुद्धा नाकारावी, हे मला पटत नाही. पुराव्याचं ओझं आरोप करणाऱ्यावर राहू द्यावं. पण तो मांडायला कायद्यात जागा असावी.

या सगळ्यात एका माणसाचा विचार क्वचितच होतो, तो म्हणजे भावंडाचा. एकाने अंतर ठेवलं की डायपर, औषधं, रात्रीची जागरणं आणि आईची रडारड दुसऱ्याच्या वाट्याला येते, बहुतेकदा बहिणीच्या. तीही त्याच घरात वाढलेली असते. तिला मार बसला नसेल, किंवा बसूनही ती वेगळी घडली असेल. त्याच बापाबद्दल तिच्याकडे चांगल्या आठवणीही असतील, आणि त्या खोट्या नसतात. दूर गेलेल्या भावाला आपला निर्णय तिने समजून घ्यावा असं वाटतं. आपल्या निर्णयाची किंमत ती भरते आहे, हे त्यानेही पाहिलं पाहिजे. वडिलांना भेटणं जमत नसेल तर रात्रपाळीच्या आयाचा पगार देता येतो. वर्षातून महिनाभर बहिणीला सुट्टी मिळेल अशी सोय करता येते. आणि निदान तिचा फोन उचलता येतो, तोही ‘त्यांचं नाव काढू नकोस’ ही अट न घालता. बहिणीनेही ‘तू आला असतास तर’ हे वाक्य टाळलं, तर पैसे आणि कामाच्या या वाटणीवर दोघांना बसून बोलता येईल, आणि ते बोलणं वडील हयात असतानाच झालेलं बरं.